न लागलेला दिवा

आमच्या भजनी मंडळात दर महिन्याला एकीने आपला अनुभव सांगायचा, अशी पद्धत आहे. माझी पाळी आली की मी काही ना काही निमित्त काढते. कधी घसा बसलेला असतो, कधी घरी पाहुणे असतात. खरं कारण असं की अनुभव सांगायचा म्हणजे शेवटी "देवीनं तारलं" असं म्हणावं लागतं आणि बायका लगेच हात जोडतात. ज्या दिवसांची माझी गोष्ट आहे, त्या दिवसांत देवीनं मला सोडून दिलंय असंच मला वाटत होतं. मी तिच्यावर मनापासून चिडले होते, आणि अजूनही सगळा राग गेलाय असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून लिहून काढते आहे. लिहिताना निदान मध्येच कोणी टाळ्या वाजवत नाही.

माझं माहेर वणीच्या बाजूचं. दारात उभं राहिलं की सप्तशृंगीचा गड दिसायचा. माझ्या आईला पोट बसवता यायचं आणि तिच्याकडून ते माझ्याकडे आलं. पोटात दुखायला लागलं, खाल्लेलं अंगी लागेना, की आमच्याकडे म्हणतात, बेंबी सरकली. माणसाला सकाळी अनशापोटी उताणं झोपवायचं, बेंबीवर बोटं टेकवायची आणि आतला ठोका शोधायचा. ठोका बेंबीच्या खाली सरळ लागला तर सगळं जागेवर आहे. वर-खाली किंवा डावी-उजवीकडे लागला, तर सरकली. मग कणकेचा छोटासा दिवा करून बेंबीवर ठेवायचा, वात पेटवायची आणि वरून तांब्या पालथा घालायचा. ज्योत आत विझते, तांब्या पोटाची कातडी घट्ट ओढून धरतो आणि थोड्या वेळाने सुटतो. कित्येकांना त्याने बरं वाटायचं. कशाने वाटायचं ते मला ठाऊक नाही, पण वाटायचं.

काडी ओढण्याआधी मनात देवीला एक साद घालायची असते. ती आईने मला माझ्या लग्नाआधी कानात सांगितली होती. ती मोठ्याने म्हणायची नाही, कागदावर उतरवायची नाही. "साद आधी, काडी नंतर," आई म्हणायची. "साद आली नाही तर दिवा लावायचा नाही. तो हात मग नुसता आपला असतो, त्याचा काय भरवसा?" इतक्या वर्षांत मी किती पोटं बसवली असतील, साद कधी आली नाही असं झालं नाही. भाजी चिरताना हात चालावा तशी ती यायची.

माझे यजमान नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. त्यांना मी इथेही 'हे'च म्हणणार, जन्मभर दुसरं काही म्हटलेलं नाही. गंगापूर रोडला तेव्हा आतल्या अंगाला अजून मळे होते. सासऱ्यांच्या मळ्यात झेंडू, शेवंती आणि थोडी मेथी-पालक असायची. हे पाळी करून आले की मळ्यात जायचे आणि म्हशीचं धारोष्ण दूध तांब्याला तोंड लावून प्यायचे. तापवून प्या म्हटलं की हसायचे. देवाधर्माचं यांना वावडं नव्हतं, पण विश्वास फक्त मापाच्या पट्टीवर. मी कोणाचं पोट बसवत असले की दारातून म्हणायचे, "चाललं का गं तुझं अलाइनमेंटचं वर्कशॉप?" मी म्हणायची, "एक दिवस तुमचीच गाडी माझ्याकडे येईल." थट्टेत बोललेलं कधी खरं होईल सांगता येत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी दसऱ्यानंतर यांना जुलाब लागले आणि ताप आला. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून टायफॉइडच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, हे कामावर गेले, आणि दिवाळीच्या आत पुन्हा तापाने घरी आले. पुन्हा गोळ्या, पुन्हा उतार, पुन्हा ताप. त्यात पाठ धरली. आधी वाटलं लेथवर उभं राहून भरली असेल. मग ती दुखायला लागली ती कुशीवर वळू देईना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणका झिजलाय म्हणाले, पट्टा बांधायला सांगितला. दोघांनीही त्यांना जे दिसलं त्यावर औषध दिलं, मी त्यांना बोल लावत नाही. यांना साखर होती, विडी होती. माणूस बघता बघता वाळला. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोकं पाडून पॅन्ट आवळायची वेळ आली.

सासूबाईंचा धीर सुटला. "अख्ख्या गल्लीच्या पोटांना हात लावतेस आणि माझ्या लेकाचं पोट तेवढं तुला दिसत नाही?" त्या म्हणाल्या. मला ते लागलं. मी यांना कधी विचारलं नव्हतं, कारण हे हसतील याची लाज. पण त्या दिवशी यांनीच अंथरुणावरून हाक मारली. "अगं, बघ बाई माझी पण गाडी. आता काहीही चालेल." हे थट्टा करत नव्हते. यांच्या तोंडून "काहीही चालेल" ऐकलं आणि मी हातातलं निवडणं खाली ठेवलं, कारण हा माणूस अर्ध्या केसाचा फरक सुद्धा चालवून घेणाऱ्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चटई घातली. हे उताणे झोपले. मी बेंबीवर बोटं टेकवली तर तिथे सरळ खाली काही लागेना. बोटं डावीकडे सरकवली आणि ठोका हाताला आला. नेहमी तो बोटाखाली मटकीएवढा उडतो. हा तसा नव्हता. मुठीएवढा होता, आणि नुसता वर उडत नव्हता, तर दोन्ही हात ठेवले तर दोन्ही हातांना बाजूला सारत होता. एवढी सरकलेली बेंबी मी जन्मात पाहिली नव्हती. आणि मला काय वाटावं? मला हुरूप आला. म्हटलं, सापडलं. ताप, पाठ, खंगणं, सगळ्याचं मूळ हे इथे आहे आणि डॉक्टरांना ते मिळालं नाही. आज तांब्या चांगला मोठा घ्यायचा आणि नीट दाबून बसवायचा.

कणकेचा दिवा बेंबीवर ठेवला. तो ठोक्यासरशी हलत होता. वात भिजवली, काडी हातात घेतली आणि मनात साद घालायला गेले, तर साद नव्हती.

विसरायला झालं, एवढ्यावर ते भागत नव्हतं. विसरलेल्या गोष्टीची कड तरी जिभेवर असते. इथे काहीच नव्हतं. आईचा चेहरा आठवत होता, तिने कानाशी तोंड आणलं ते आठवत होतं, तिच्या तोंडाचा तंबाखूचा वास आठवत होता, आणि ती काय म्हणाली ते मात्र पुसून टाकलेलं. मी डोळे मिटून बसले. काडी ओढली, म्हटलं उजेड दिसल्यावर येईल. ती बोटापर्यंत जळत आली आणि विझली. सासूबाई दारात उभ्या होत्या. "लाव ना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "लावता येत नाही." "का?" "साद येत नाही." त्यांनी कपाळाला हात लावला. हे चटईवरून माझ्याकडे बघत होते. यांनी दिवा उचलून माझ्या हातात दिला आणि अंगावर चादर ओढली.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागाने रडले. देव्हाऱ्यापुढे उभी राहून देवीला तोंडावर म्हटलं, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीसाठी आलीस, आणि माझ्या माणसाच्या वेळी तोंड फिरवलंस? मी तुझं काय घोडं मारलं होतं? त्या दिवशी मी देवीला फूल वाहिलं नाही. घरात फुलांच्या पाट्या भरलेल्या असताना वाहिलं नाही.

माझा हात गेला तरी डोक्यातून बेंबी गेली नव्हती. पंचवटीत एक म्हाताऱ्या आजी पोट बसवायच्या, त्यांचं नाव मोठं होतं. यांना तिथे न्यायचं ठरवलं. यांनी तोपर्यंत गोळ्याही टाकून दिल्या होत्या, म्हणायचे तोंड कडू होतं आणि गुण शून्य. दोन-तीन दिवसांनी सकाळीच रिक्षा केली. सासूबाईंनी शेजारणीकडून मोठा तांब्या मागून आणून माझ्या पिशवीत घातला होता, न जाणो आजींचा लहान असला तर.

अशोकस्तंभाच्या पुढे गेलो असू. यांनी अचानक माझं मनगट धरलं आणि यांचे ओठ पांढरे पडले. पाठीतली कळ पोटात आली होती. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि मला काही न विचारता रिक्षा वळवली. मी ओरडले, "अहो, पंचवटी! इकडे कुठे?" तो म्हणाला, "मावशी, ह्यांचा रंग बघा ना. पंचवटी काय पळून जाती का?" आणि त्याने रिक्षा सरळ एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकात घातली. मी त्याला दवाखान्याच्या दारात उभी राहून बोल बोल बोलले. तो ऐकून घेत यांना खांद्याला धरून आत घेऊन गेला, बाकावर बसवलं आणि गर्दीत दिसेनासा झाला. त्याचा चेहराही मला नीट आठवत नाही, कारण मी त्याच्याकडे बघतच नव्हते, भांडत होते.

आत एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. काय होतंय विचारल्यावर मी सवयीने सांगून टाकलं, "बेंबी सरकली आहे, ठोका डावीकडे आणि फार मोठा लागतो." माझं मलाच वाटलं, आता ह्या हसणार. त्या हसल्या नाहीत. त्यांनी यांच्या पोटावर अलगद हात टेकवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. लगेच हात काढून घेतला. "कोणी दाबलंय का हे? काही लावलंय?" मी म्हटलं, "नाही." "आता कोणीही हात लावायचा नाही. यांना उठू द्यायचं नाही. चालवायचं नाही." माझ्या पिशवीतला तांब्या मी पायाने बाकाखाली सरकवला.

सोनोग्राफी झाली. मग सी.टी. स्कॅन झालं, ते तेव्हा शहरात एक-दोन ठिकाणीच होतं. संध्याकाळच्या आत डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. हृदयातून निघालेली सगळ्यात मोठी रक्ताची नळी पोटातून खाली जाते, ती महाधमनी. बेंबीवर हात ठेवल्यावर लागतो तो ठोका तिचाच. यांच्या त्या नळीच्या भिंतीत जंतू शिरले होते. जुलाबाच्या आजारातले जंतू रक्तात गेले, साखरेने आणि विडीने खराब झालेल्या नळीला चिकटले आणि आतून भिंत खात गेले. भिंत कुजून तिथे फुगा आला होता. "तो फुटला तर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तर काही करायला वेळ मिळत नाही, ताई." मला चटईवरचा तो हलणारा दिवा आठवला.

जंतू कोणता, हे कळल्याशिवाय नेमकं औषध देता येत नव्हतं. रक्त काढून बाटल्यांत ठेवायचं आणि त्यात जंतू वाढतो का बघायचं, अशी ती तपासणी. तोपर्यंत अंदाजाने शिरेतून औषधं सुरू केली. पहिल्या बाटल्या कोऱ्याच आल्या. आधी इतक्या गोळ्या पोटात गेल्यामुळे जंतू दबून बसलेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेवटी एका बाटलीत वाढला, तो टायफॉइडच्याच भावकीतला निघाला. मधले काही दिवस यांनी गोळ्या टाकून दिल्या होत्या म्हणून तो तेवढा तरी सापडला असावा, हेही त्याच म्हणाल्या. यांना अंथरुणावर हे सांगितलं तर म्हणाले, "बघ, कधीकधी माझं न ऐकणंही कामाला येतं." हे मळ्यातलं दूध न तापवता पितात का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मात्र यांनी नजर खिडकीकडे वळवली.

औषधाने ताप उतरेल पण फुगा जाणार नाही, ऑपरेशन करावंच लागेल, असं ठरलं. मुंबईला नेता येत नव्हतं, घाटातल्या हादऱ्यात फुगा टिकेल याची खात्री कोणी देईना. मग मुंबईहून एक सर्जन यायला तयार झाले. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "कुजलेल्या कापडाला टाका धरत नाही. तेवढा भाग काढून टाकायचा आणि दोन्ही टोकं कायमची बंद करायची. पायांना रक्त न्यायला खांद्याजवळच्या नळीपासून कातडीखालून एक कृत्रिम नळी दोन्ही जांघांपर्यंत नेणार. पाय वाचतील, मूत्रपिंडं वाचतील, असं मी वचन देत नाही. माणूस टेबलावर जाऊ शकतो." त्यांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली.

त्या दिवसांत मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर राहत होते. तिथेच पेठ तालुक्यातून आलेली एक बाई होती. तिच्या नवऱ्याला मेंदूज्वर झाला होता, तो बोलत नव्हता, ओळखत नव्हता. सगळे तिला 'पेठवाली' म्हणायचे आणि ती मला 'नाशिकवाली बाय'. तिच्याजवळ फडक्यात बांधलेली ओटी होती. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. नवरा उठून बसला की गडावर जाऊन देवीची ओटी भरीन असं बोलली होती. ती सारखं देवीचं नाव घेत असायची. डोळे मिटून, ओठ हलवत, तासन् तास. तिच्याकडे बघून मला हेवा वाटायचा, कारण माझ्या तोंडात काही येत नव्हतं. साद तर नाहीच, साधं 'आई' सुद्धा नाही. मी एकदा तिला म्हटलंही, "तुझं बरं आहे बाई, तुला नाव तरी येतं." ती म्हणाली, "मी घेते ना तुझ्या वाट्याचं पण. आपली दोघींची आई येकच हाय."

ऑपरेशनच्या सकाळी सातपूरहून यांच्या कारखान्यातली माणसं आली. रात्रपाळी सुटल्यावर घरी न जाता, अंगावर तेलाचे डाग तसेच. रक्त द्यायला रांगेत उभी राहिली. यांना आत नेताना यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दूध तापवून पीत जा." नळ्या लावलेल्या त्या माणसाला आत घेऊन दार बंद झालं.

मग मी बाकावर बसले. काय मागायचं ते ठाऊक होतं, मागायला शब्द नव्हते. पहिला तासभर मी आठवायचा प्रयत्न केला. नंतर सोडून दिला. मनातल्या मनात म्हटलं, तुला बोलवायचं कसं ते तूच काढून घेतलंस, आता यायचं असेल तर तुझ्या पायाने ये, नाही तर नको येऊ. ही प्रार्थना होती की भांडण, मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर मी काही मागितलं नाही. आत जे चाललं होतं ते माझ्या हातात नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला त्याचा जरासा विसावा वाटला.

दुपारी पेठवालीचा नवरा गेला. आत हे टेबलावर होते आणि बाहेर ती हंबरडा फोडत होती. तिच्या गावची दोन माणसं आली होती, ती कागदपत्रांना गेली. मी तिला कवेत घेतलं. ती जरा शांत झाल्यावर म्हणाली, "तोंडभर नाव घेतलं गं मी. तुझ्या वाट्याचं पण घेतलं. मंग असं का?" मी तिचा पदर सावरला. माझ्या तोंडात नाव नव्हतं आणि तिच्या तोंडातून ते सुटत नव्हतं. अनुभव सांगणाऱ्या बायका जेव्हा म्हणतात की मनापासून हाक मारली की देवी येते, तेव्हा मला पेठवालीचं तोंड दिसतं आणि मी मान खाली घालते.

जाताना तिने ते फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "मला आता वटी भरता येत नाय. बांगड्या तर माझ्या आत्ताच फोडतील. तुझा माणूस बाहेर आला तर तू ही देवीला घाल. नाय आला तर गंगेत सोड." मी नको म्हणायच्या आत ती उठली. ती गेली तेव्हा तिच्या गावची माणसं पुढे आणि ती मागे चालत होती. पायात चप्पल नव्हती, ती बाकाखालीच राहून गेली होती.

अंधार पडायच्या सुमाराला सर्जन बाहेर आले. थकलेले होते. "आहेत," एवढंच म्हणाले. मला तो एक शब्द पुरला.

पुढचं काही सोपं नव्हतं. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. शिरेतून औषधं आठवड्यांमागून आठवडे चालली आणि त्यानंतर कायमच्या गोळ्या. यांना खोलीत आणल्यावर, डॉक्टरीणबाईंना विचारून, मी भीत भीत यांच्या बेंबीजवळ बोट टेकवलं. तिथे काहीच नव्हतं. वर नाही, खाली नाही, डावीकडे नाही. जिवंत माणसाचं पोट आणि ठोका नाही. मी घाबरून हात मागे घेतला. तेव्हा यांनी माझं बोट धरून काखेखाली बरगडीवर नेलं. कातडीखाली ती नळी उडत होती. "इथे आलीय बघ," हे म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला वाकून ऐकावं लागलं. "एवढी सरकलेली तुझ्या आईला तरी बसवता आली असती का?"

घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना तांब्याचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग लावला का नाही?" मी म्हटलं, "साद आली नाही." त्यांनी यांच्या केसपेपरवरचं लिहिणं संपवलं. मग म्हणाल्या, "त्या फुग्यावर तशी ओढ बसली असती तर काय झालं असतं, मला विचार करवत नाही. ताणात माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरतो, ताई." तसंही असेल. त्या शिकलेल्या आहेत आणि भल्या आहेत, त्यांचं म्हणणं मी खोडत नाही. मला एवढंच माहीत आहे की ज्या गोष्टीसाठी मी देवीला शिव्या दिल्या त्याच गोष्टीने माझा हात धरून ठेवला, आणि ज्या रिक्षावाल्याला मी टाकून बोलले त्याने यांना दारापर्यंत नेलं. मी माझ्या अकलेने दोनदा यांना मारायला निघाले होते.

साद परत आली नाही. गल्लीतल्या बायका येत राहिल्या, मी त्यांना दवाखान्यात जा म्हणू लागले. काहींना वाटलं मला गर्व झाला. हे पुन्हा लेथवर उभे राहिले नाहीत. मळ्यात खुर्ची टाकून फुलं निवडायचे, नळीच्या बाजूला निजायचं नाही, त्या हाताने ओझं उचलायचं नाही, असं जपून जपून जगले. किती वर्षं मिळाली ते मी मोजत नाही. आता हे नाहीत. जी मिळाली ती माझ्या मागण्याने मिळाली नाहीत, कारण मला मागताच आलं नव्हतं. म्हणून ती वर्षं संपली तेव्हा मला कोणी फसवलं असंही वाटलं नाही. भक्ती म्हणजे काय ते मला नीट सांगता येत नाही. पण हात रिकामा झाला तर तो लगेच भरून मागू नये, रिकाम्या हातानेही बसून राहावं, एवढं मी शिकले.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतरच्या चैत्रात आम्ही एस.टी.ने गडावर गेलो. हे खाली पायथ्याशी एका दुकानाच्या फळीवर बसले, मी एकटी पायऱ्या चढले. पदराखाली दोन ओट्या होत्या. एक माझी, ताजी. दुसरी पेठवालीची. तिचा नारळ तोवर वाळून त्याचा गोटा झाला होता, हलवला की आत वाजायचा. खणाचा रंग फडक्याला लागला होता. तिचा पत्ता मी दवाखान्यात विचारला होता, पण नवऱ्याचं नाव माहीत नाही म्हटल्यावर ते तरी काय शोधणार? इतके दिवस एका बाकावर निजलो, एका डब्यात जेवलो, आणि मी तिला नाव विचारलं नव्हतं.

देवीसमोर उभी राहिले. अठरा हातांची ती एवढी मोठी मूर्ती आणि मी खाली मुकी. पहिली ओटी पुजाऱ्यांच्या हातात दिली, माझं नाव सांगितलं. मग दुसरी पुढे केली. त्यांनी वाळका नारळ कानाशी हलवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"ही कोणाच्या नावाने?"

"पेठची एक बाई आहे. सवाष्ण नाही आता."

पुजाऱ्यांनी नारळ ताटात ठेवला. मागे रांग खोळंबली होती. "बरं," ते म्हणाले, "पण नाव काय तिचं?"

मी देवीकडे बघितलं.

"मला नाही ठाऊक," मी म्हटलं. "हिला ठाऊक आहे."